प्रथमधावक, आल्याची बिअर आणि सल्लागार

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि तेव्हापासून ती साधारणतः डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होत आली आहे. त्यामुळे गणपतीचे विसर्जन आटोपले की शहराच्या टेकड्यांवर एक विशिष्ट वर्ग अवतरतो, ज्याला प्रस्तुत मार्गदर्शिकेत ‘प्रथमधावक’ अशी संज्ञा दिली आहे. प्रथमधावक म्हणजे अशी प्रौढ व्यक्ती, की जिने शाळेतील क्रीडादिनानंतर धावणे केवळ पीएमपीची बस पकडण्यापुरते राखून ठेवले होते आणि जिने कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जेवणात, मित्रांच्या साक्षीने आणि श्रीखंडाच्या अमलाखाली, दहा किलोमीटरच्या शर्यतीचे शुल्क मोबाइलवरून भरून टाकले आहे. शुल्क परत मिळत नाही, हे कलम तिने दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलेले असते.

धावणारे आणि आंबवलेले पेय यांचा स्नेह जगात जुना आहे. १९३८ मध्ये क्वालालंपुरात राहणाऱ्या ब्रिटिश नोकरदारांनी हॅश हाउस हॅरियर्स नावाची मंडळी काढली, जिच्यात आठवड्यातून एकदा रानावनातून धावायचे आणि शेवटी जमून बिअर प्यायची, असा शिरस्ता होता आणि तो आजही अनेक देशांत पाळला जातो. पुण्यातील एखाद्या उत्साही गटाला हा शिरस्ता पुढे नेऊन, मित्रांनी मिळून बिअरच घरी करावी असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू असून परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास त्यात मनाई आहे, मग ते विकायचे असो वा घरच्या गच्चीत बसून चौघांनी संपवायचे असो. इतकेच नव्हे तर मद्य पिण्यासाठीही परवाना लागतो, ही गोष्ट ‘परमिट रूम’ ही पाटी आयुष्यभर वाचूनही पुष्कळांच्या ध्यानात आलेली नसते. ज्यांना माल्ट, हॉप्स आणि यीस्ट यांच्या खऱ्या बिअरचीच ओढ आहे त्यांनी परवाना काढून मायक्रोब्रुअरी थाटावी, जसे २००९ मध्ये पुण्यातच डूलालीने केले, किंवा एखाद्या मायक्रोब्रुअरीत जाऊन बिल भरावे. उरलेल्यांसाठी आल्याची बिअर आहे.

आल्याची बिअर म्हणजे आले, साखर, पाणी आणि लिंबू यांना नैसर्गिक यीस्टकडून (साखर खाऊन वायू सोडणाऱ्या सूक्ष्म बुरशीकडून) फसफसवून घेतलेले पेय होय. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये ते घरोघरी होत असे आणि १८९२ मध्ये हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या विरजणाचा अभ्यास करून दाखवून दिले, की त्यात यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने संसार करतात. हे पेय दोन-चार दिवसांत थांबवून थंड केले तर त्यातील मद्यांश नाममात्र राहतो. फ्रिजबाहेर आठवडाभर विसरून गेले तर तो वाढत जातो, आणि कायद्यापुढे विसराळूपणाची सबब चालत नाही, हे गटातील वकील मित्राने लिहून ठेवायला सांगितले आहे.

आता सल्लागाराविषयी. ज्याप्रमाणे कोणत्याही गटात एक खजिनदार असतो आणि एक वर्गणी न देणारा असतो, त्याप्रमाणे पुण्यातील प्रत्येक धावगटात एक सल्लागार असतो, जो स्वतः धावत नाही. गुडघ्यामुळे धावत नाही. तो गुडघा नेमका कधी आणि कसा गेला याविषयी गटात दोन-तीन पाठभेद असून त्यांतील एकात सिंहगड आहे. सल्लागार टेकडीच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर उभा असतो आणि खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला ‘‘किती झाले?’’ असे विचारतो. ‘‘सहा किलोमीटर, काका,’’ असे उत्तर आल्यावर ‘‘कितीत?’’ असे विचारतो. आणि ‘‘बावन्न मिनिटांत’’ हे ऐकून झाल्यावर कपातल्या चहाकडे पाहत ‘‘असं होय’’ एवढेच म्हणतो. या दोन शब्दांनी जेवढे प्रथमधावक खचले आहेत तेवढे उन्हाने आणि चढानेही खचले नसतील. सल्लागाराला टाळण्याचा उपाय प्रस्तुत मार्गदर्शिकेस सापडलेला नाही. तो आल्याची बिअर करताना स्वयंपाकघरातही येतो, हे पुढे दिसेल.

सरावाचा पहिला नियम असा की आठवड्यातून तीनच दिवस धावावे, मधले दिवस पायांना द्यावेत, आणि आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा एक दशांशाहून अधिक वाढवू नये. प्रारंभी दोन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे अशी आवर्तने करावीत. त्यात कमीपणा नाही, कारण दहा आठवड्यांनी तीच आवर्तने आपोआप विरघळून सलग धावणे होते. वेग किती असावा, याची सर्वमान्य कसोटी अशी आहे की धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. पुणेकराच्या बाबतीत ही कसोटी कुचकामी ठरते, कारण पुणेकर ऊर फुटेस्तोवर धावतानाही मुद्दा सोडत नाही. म्हणून येथे सुधारित कसोटी सुचविली आहे, ती अशी की शेजारच्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेता आले पाहिजे. ज्याला ते जमले त्याचा वेग योग्य आहे, किंवा तो मूळचा पुण्याचा नाही.

दुसरा नियम: शर्यतीच्या दिवशी नवे काहीही घालू नये, खाऊ नये आणि मनात आणू नये.

तिसरा नियम स्थळाविषयी आहे आणि येथे मार्गदर्शिकेला आपला शास्त्रीय स्वर सांभाळणे अवघड जाते. चढाचा सराव करायचा तर वेताळ टेकडी आहे, जिची मुरमाड वाट गुडघ्यांना डांबरापेक्षा मऊ पडते; सावली हवी तर विद्यापीठाचे आवार आहे; सपाटी हवी तर कॅम्पाकडची बाजू आहे; दक्षिणेकडच्यांना तळजाई आहे आणि जिद्द फारच असेल तर पर्वतीच्या पायऱ्या आहेत. परंतु या सर्व ठिकाणी घरून पोचायचे म्हणजे स्कूटर काढायची, म्हणजे धावण्यासाठी आधी वाहन चालवायचे, कारण घरासमोरच्या पदपथावर धावता येत नाही. पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात, उरलेल्या भागावर फ्लेक्सचे बांबू रोवलेले असतात, त्याच्या पुढे पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात आणि जिथे काहीच नसते तिथे चेंबरचे झाकण नसते. शहरातील टेकड्या राखण्यासाठी पुणेकरांना वारंवार रस्त्यावर का उतरावे लागते, हे ज्याला समजत नसेल त्याने एकदा सकाळी साडेसहाला आपल्या पेठेतून दोन किलोमीटर धावून पाहावे. असो.

चौथा नियम पादत्राणांचा. सल्लागाराच्या मते बूट हे कंपन्यांनी काढलेले खूळ आहे, आणि आधारादाखल तो ‘‘अरे, जिमखान्यावर लोक अनवाणी धावायचे’’ असे सांगतो. दुर्दैवाने हे खरे आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते, आणि पहिल्या महायुद्धानंतर जिमखान्यावर झालेल्या शर्यतींत त्यांना खेड्यापाड्यांतून आलेली, शेती करणारी मुले अनवाणी धावताना दिसली; शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाचा गंध नसूनही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या. त्यातूनच हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवावा ही कल्पना निघाली, सर दोराबजींनी खर्चाचा भार उचलला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. मॅरेथॉनचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४२.१९५ किलोमीटर धावले गेले होते आणि १९२१ मध्ये ते कायमचे ठरले. मधल्या या अँटवर्पच्या शर्यतीत मात्र ते ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे ऑलिंपिकमधील आजवरच्या सर्व मॅरेथॉनांत जास्त. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे आणि काही सेकंदांत संपवली आणि ते एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वी बेळगावहून निघून, बोटीचा प्रवास करून, परक्या हवेत एवढे अंतर त्या वेळात कापणारा हा गडी पुण्याच्या धावगटांपैकी किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न येथे विचारून सोडून दिला आहे. सल्लागाराला ठाऊक आहे, ही त्याची जमेची बाजू. प्रथमधावकाने मात्र बूट घालावेत, आणि ते आपल्या नेहमीच्या मापापेक्षा अर्धा अंक मोठे घ्यावेत, कारण लांब धावताना पाय सुजतो आणि अंगठ्याचे नख काळे पडते.

आता शर्यतीचे आणि बरणीचे कालमान जुळवायचे आहे. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात धावणे निम्म्यावर आणावे लागते, याला टेपर असे म्हणतात. आणि अनुभवी मंडळी सांगतात, की संपूर्ण सरावात याच आठवड्याइतका कठीण आठवडा दुसरा नाही. धावायला मिळत नसल्यामुळे प्रथमधावकाच्या पोटरीत नसलेले दुखणे उमटते, घशात नसलेली खवखव येते, तो दिवसातून चार वेळा रविवारचे हवामान पाहतो आणि घरातल्यांना पायांच्या स्नायूंची नावे सांगू लागतो. अशा माणसाच्या हाताला काम दिले पाहिजे, आणि ते असे पाहिजे की ज्यात पळापळ नाही, उचलाउचल नाही, पण रोज डोकावून पाहण्याजोगे काही आहे. आल्याची बिअर या कामासाठीच निर्माण झाली असावी.

शर्यतीच्या सुमारे दोन आठवडे आधी विरजण लावावे. काचेची स्वच्छ बरणी घेऊन तिच्यात दोन कप पाणी, दोन मोठे चमचे किसलेले आले आणि तितकीच साखर घालून ढवळावे आणि तोंडाला मलमलचे फडके बांधावे. पाणी नळाचे असेल तर उकळून गार केलेले घ्यावे, कारण नगरपालिकेने घातलेले क्लोरिन माणसाला उपकारक असले तरी यीस्टच्या मुळावर येते. (पुण्यात आता महानगरपालिका आहे, नगरपालिका नव्हे, ही दुरुस्ती सल्लागाराने सुचविली आहे.) आले सालीसकट किसावे, सोलू नये, कारण ज्याच्या जिवावर हा सगळा उद्योग चालायचा ते यीस्ट सालीवरच वस्तीला असते, मंडईतले सातारी आले, ज्याच्या खोबणीत अजून माती आहे, ते धुऊन घेतले तर उत्तम. त्यानंतर रोज एक चमचा आले आणि एक चमचा साखर घालून ढवळावे. एप्रिलात चौथ्या दिवशीच बुडबुडे येतात. नोव्हेंबरअखेर, रात्री गार पडू लागल्यावर, आठ दिवसही लागतात, म्हणून बरणी फ्रिजच्या मागच्या कोमट कोपऱ्याजवळ ठेवावी. वास आंबूस, तिखट आणि ताजा आला पाहिजे. वर काळी किंवा गुलाबी लव दिसली तर वाद न घालता सगळे ओतून द्यावे आणि नव्याने सुरुवात करावी.

शर्यतीच्या आधीच्या बुधवारी मित्रांना बोलवावे. एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम साखर आणि ठेचलेले पाव वाटी आले घालून दहा मिनिटे उकळावे, पूर्ण गार होऊ द्यावे, मग एका लिंबाचा रस आणि अर्धा कप गाळलेले विरजण घालून बाटल्यांत भरावे. ‘पूर्ण गार’ याचा अर्थ पूर्ण गार. गरम काढ्यात विरजण घालण्याची घाई केली तर यीस्ट मरते आणि रविवारी जे प्यायला मिळते ते सर्दीवरचे औषध असते. वाट पाहण्याच्या या तासाभरात मित्रांची खरी बैठक होते: कुणी लिंबे पिळतो, कुणी पिन आणि क्रमांकाच्या पट्टीवर चर्चा करतो, आणि सल्लागार साखरेऐवजी गूळ का नाही, लिंबू आधी का नाही, आणि या पेयाला कॅम्पातल्या सोड्याची चव यायला हवी असेल तर त्यासाठी खरे म्हणजे काय करायला हवे होते, हे ओट्याला टेकून सांगतो. ओट्याला टेकल्यामुळे गाळणी त्याच्या पाठीमागे असते आणि ती सगळ्यांना दहा मिनिटे सापडत नाही.

बाटल्या सोड्याच्या, जाड प्लॅस्टिकच्या घ्याव्यात आणि वर दोन बोटे जागा सोडावी. या बाबतीत सल्लागाराचे मत काचेच्या बाजूने आहे, कारण काचेत चव राहते. चव राहते हे खरे; परंतु बंद बाटलीत यीस्ट वायू सोडत राहते, त्याला जायला वाट नसते, आणि काचेची बाटली आतला दाब सांगत नाही, एकदम फुटून मोकळी होते. प्लॅस्टिकची बाटली रोज दाबून पाहता येते. गुरुवारी ती हाताखाली सहज चेपते, शुक्रवारी थोडा विरोध करते, आणि शनिवारी संध्याकाळी अंगठा रुतेनासा झाला, बुडाची खळगी बाहेर येऊ पाहू लागली, की तत्क्षणी सर्व बाटल्या फ्रिजमध्ये जाव्यात. थंडीत यीस्ट पेंगते. प्रथमधावकालाही त्याच वेळी झोपायला सांगावे. झोप लागणार नाही, पण चालेल, कारण शर्यतीला उपयोगी पडते ती आदल्या रात्रीची नव्हे, त्याच्याही आधीच्या रात्रीची झोप.

पाचवा नियम सल्लागाराच्या आग्रहावरून वगळला आहे.

रविवारी पहाटे उठून दोन तास आधी केळे आणि ब्रेड-जॅम खावे, पोहे खाऊ नयेत, ते नंतर आहेतच. सारसबागेजवळच्या सणस मैदानाकडे निघताना जुना स्वेटर घालावा. शौचालयाची रांग लांब असते, ती जितकी दिसते त्याहून लांब असते. पूर्ण मॅरेथॉनवाले उजाडण्याआधीच निघालेले असल्यामुळे, पुण्यात वर्षानुवर्षे पुढे राहणाऱ्या इथिओपिया-केनियाच्या धावपटूंची शर्यत प्रथमधावक बुटाची नाडी दुसऱ्यांदा बांधत असताना बहुधा संपतच आलेली असते. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. सुरुवातीची तोफ झाली की सगळे सुसाट सुटतात, आपण सुटू नये. पहिले दोन किलोमीटर लाज वाटेल इतके सावकाश धावावेत, कारण आठव्या किलोमीटरला याच सावकाशीचे व्याज मिळते, आणि जे सुसाट गेले होते ते तिथे रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभे असलेले भेटतात. पाण्याच्या टेबलापाशी थांबून, चालत, घोट घोट प्यावे.

आठव्या किलोमीटरच्या आसपास, वळणावर, माकडटोपी आणि मफलर घातलेला एक मनुष्य उभा असतो. रस्ते बंद असल्यामुळे स्कूटर कुठे तरी लांब लावून, बॅरिकेडपाशी पोलिसाशी हुज्जत घालून, तो सहाच्या आधीपासून तिथे आलेला असतो आणि गटातील प्रत्येकाच्या क्रमांकाची यादी त्याच्या हातात असते. प्रथमधावक दिसताच तो ‘‘खांदे सोड! खांदे सैल सोड! पावलं छोटी टाक!’’ असे ओरडतो. थकलेल्या धावणाऱ्याला देता येण्याजोगा याहून अचूक सल्ला उपलब्ध साहित्यात नाही: खांदे आवळले की श्वास आखडतो, आणि पाऊल लांब टाकले की टाच आपटून गुडघ्यावर भार येतो. त्यानंतर तो तोच गुडघा हाताने धरून वीस-पंचवीस पावले बरोबर पळतो. वेळ विचारत नाही.

शर्यत संपल्यावर लगेच बसू नये, दहा मिनिटे चालावे, आधी साधे पाणी आणि मीठ-साखरेचे पाणी घ्यावे, मग घरी, गच्चीवर, बाटल्या काढाव्यात. बूच एकदम फिरवू नये. चूळ भरण्याच्या जागेवर बाटली धरून, थोडे उघडून, पुन्हा बंद करून, असे चार-पाच वेळा करत वायू सोडावा, अन्यथा अर्धी बिअर छताला मिळते. पोह्यांबरोबर ती उत्तम लागते. सल्लागार पहिला घोट घेऊन, क्षणभर थांबून, ‘‘साखर जरा पुढे गेली आहे,’’ असे म्हणेल. त्याचा तिसरा पेला भरताना हे विधान त्याच्या लक्षात आणून देऊ नये.

उरलेल्या बाटल्या ज्यांनी घरी नेल्या आहेत त्यांनी त्या फ्रिजमध्येच ठेवाव्यात, आठवड्याच्या आत संपवाव्यात, आणि रिकाम्या झाल्यावर धुऊन, बुचासकट परत आणून द्याव्यात. मागच्या वर्षीच्या बाटल्यांची अजूनही वाट पाहिली जात आहे.